लवणीतली धमनी

गुडघ्याच्या मागे, पाय दुमडला की जिथे घडी पडते, त्या खोलगट जागेला आपल्याकडे लवण म्हणतात. लहान पोराला तिथे गुदगुल्या होतात, वय झाले की तिथल्या शिरा फुगतात. एरवी तिच्याकडे कुणी फिरकून बघत नाही. तिथे दोन्ही हातांची बोटे खोल रुतवली तर एक ठोका लागतो. लवकर लागत नाही. मेडिकलच्या परीक्षेत हा ठोका न सापडताही ‘सापडला सर’ म्हणणारे विद्यार्थी दर वर्षी निघतात, आणि मीही त्यांतलाच एक होतो. तो ठोका पॉप्लिटियल धमनीचा. गुडघ्याखालच्या पायाला मिळणारे रक्त जवळजवळ सगळे या एका नळीतून जाते. गुडघ्याभोवती लहान फांद्यांचे जाळे आहे खरे, पण मोठी नळी अचानक बंद पडली तर त्या जाळ्यावर पायाचे भागत नाही.

ही पुस्तिका त्या धमनीबद्दल आहे, आणि तिच्यापासून बोटभर अंतरावर करवत चालवणाऱ्या एका शस्त्रक्रियेबद्दल. ती लिहिणारी माझी तरुण सहकारी. प्रस्तावना लिहा म्हणून ती आली तेव्हा मी विचारले, एवढ्या दुर्मीळ गोष्टीवर स्वतंत्र पुस्तिका कशाला? ती म्हणाली, ‘‘सर, तुम्हीच एकदा सांगितलं होतं ना, त्या फिटरचं?’’ मग नाही म्हणायची सोय उरली नाही.

आधी शस्त्रक्रिया काय ते सांगतो. हाय टिबियल ऑस्टिओटॉमी हे तिचे नाव, डॉक्टरांच्या तोंडी एचटीओ. नडगीचे हाड गुडघ्याच्या थोडे खाली, आतल्या बाजूने तिरके कापायचे. पण आरपार नाही. बाहेरच्या कडेला सेंटिमीटरभर हाड बिजागरीसारखे शाबूत ठेवायचे. मग कापलेली फट पाचर घातल्यासारखी ठरल्या अंशांइतकी उघडायची आणि प्लेट-स्क्रूंनी धरून ठेवायची. फेंगड्या पायात अंगाचा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो आणि तिथली कूर्चा झिजते. फट उघडली की पाय सरळ होतो आणि भार बाहेरच्या, अजून चांगल्या असलेल्या बाजूकडे सरकतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये हे समजावून सांगायला कधी फार वेळ लागला नाही. अर्धे रुग्ण गाड्या बनवणारे. टायर आतल्या कडेने खाल्ला असेल तर नवा टायर टाकण्याआधी अलाइनमेंट करतात, हे त्यांना माझ्याहून जास्त कळते.

या पट्ट्यात या शस्त्रक्रियेला गिऱ्हाईक आहे त्याची कारणे सरळ आहेत. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये आली, मग एमआयडीसी, टेल्को, बजाज, आणि पुढे 2009-10 च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा यांचे चाकणचे कारखाने. काँक्रीटच्या फरशीवर रोज आठ तास उभे राहणाऱ्यांची आता दुसरी-तिसरी पिढी इथे आहे. पंचेचाळिशीतला कामगार आतून दुखणारा गुडघा घेऊन येतो. त्याची ‘वाटी बदलायची’, म्हणजे पूर्ण सांधा कृत्रिम बसवायचा, तर वय लवकरचे. तो सांधा झिजला की पुन्हा मोठे ऑपरेशन. सरकारने 16 ऑगस्ट 2017 रोजी कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा 54,720 रुपये अधिक करावर आणला, त्यामुळे पैशाची अडचण हलकी झाली. वयाची झाली नाही. शिवाय त्याला मांडी घालून जेवायचे असते, उकिडवे बसून मशीनखाली बघायचे असते. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला आली की ‘पुढच्या वर्षी चालता येईल का’ हा प्रश्न हमखास येतो. स्वतःचा सांधा राखून पाय सरळ करणारी शस्त्रक्रिया अशा माणसाला योग्य असते, आणि मी ती आजही सुचवतो. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढचे वाचून कुणी घाबरून जाऊ नये.

ती नवीही नाही. ब्रिटनमध्ये जॅक्सन आणि वॉ यांनी 1961 मध्ये तिचे वर्णन केले. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या कॉव्हेंट्री यांनी 1965 पासून ती रुळवली. ते बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर काढून घेत आणि फट मिटवत. आतून फट उघडण्याची पद्धत फ्रान्समध्ये वाढली, आणि या शतकाच्या सुरुवातीला लॉकिंग प्लेट आल्यावर जगभर पसरली. पद्धत कोणतीही असो, करवतीचे पाते हाडाच्या मागच्या कडेपर्यंत जाते, आणि मागच्या कडेच्या मागे ती धमनी असते.

किती मागे? सांध्याच्या जरा खाली साधारण सेंटिमीटरभर, काहींत त्याहूनही कमी. मध्ये पॉप्लिटियस नावाचा एक चपटा स्नायू गादीसारखा असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत तोच राखणदार. पण शंभरात साधारण दोघांची शरीररचना वेगळी असते. त्यांच्यात धमनीची पुढची फांदी लवकर, वरच फुटते आणि स्नायूच्या मागून जाण्याऐवजी पुढून, थेट हाडाला चिकटून उतरते. त्या दोघांना गादी नाही. ते दोघे कोण, हे बाहेरून दिसत नाही.

गुडघा काटकोनात दुमडला की धमनी हाडापासून लांब जाते, हे आम्हाला शिकवले गेले आणि आम्ही पुढच्यांना शिकवले. डॉपलर सोनोग्राफी आणि एमआरआय लावून बघितल्यावर कळले की काही गुडघ्यांत ती लांब जायच्या ऐवजी जवळ येते. लेखिकेने या मुद्द्यावर सबंध प्रकरण खर्ची घातले आहे ते उगाच नाही. गुडघा दुमडावा, त्याने जागा सैल होते आणि मागे आडोसा सरकवता येतो; पण दुमडला म्हणून निर्धास्त होऊ नये.

आता त्या फिटरचे. चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करणारा, शेहेचाळीस वर्षांचा, डावा पाय फेंगडा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्याला एक्स-रेवर रेघा मारून कापायची जागा दाखवली. त्याने नीट बघितले आणि विचारले, ‘‘साहेब, तुमच्या ड्रिलला स्टॉपर असतो ना?’’ टूलरूममध्ये भोक किती खोल पडणार ते आधी लावून ठेवतात; ड्रिल तेवढ्यावर आपोआप थांबते. मी हसलो आणि म्हणालो, ‘‘आमचा स्टॉपर हातात असतो.’’

उत्तर खोटे नव्हते. हाडाची मागची भिंत पार झाली की हाताला एकदम सैल लागते आणि मुरलेला हात तिथे थांबतो. पण ‘सैल लागले’ याचा अर्थ पाते पलीकडे गेलेलेच आहे. म्हणून हाडाच्या मागे बोथट आडोसा ठेवतात, पात्यावरच्या खुणा वाचतात, शेवटचे मागचे हाड करवतीऐवजी छिन्नीने कापतात. आणि करवत हा एकच धोका नाही. ड्रिल पुढे घुसते, स्क्रू लांब पडतो, आडोशाचेच टोक चुकीच्या थरात जाते, फट उघडताना धमनी ताणली जाऊन तिचे आतले अस्तर चिरते. तंबाखू आणि मधुमेहाने आधीच कडक झालेल्या धमनीत तर मांडीला आवळलेल्या टूर्निकेनेही गुठळी होऊ शकते.

टूर्निके हा या गोष्टीतला लबाड साक्षीदार आहे. मांडीला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवलेला असतो, म्हणजे आम्हाला कोरडे, स्वच्छ दिसावे. धमनी फाटली तरी त्या वेळी रक्त येत नाही. पट्टा बांधलेलाच ठेवून जखम शिवली तर फाटलेले कळते ते पट्टी बांधून झाल्यावर. म्हणून शिवण्याआधी तो सोडून बघावा, असे लेखिका ठामपणे लिहिते. मी तिच्याशी सहमत आहे.

फिटरच्या ऑपरेशनच्या दिवशी मी पट्टा सोडून बघितलाही होता. रक्त आले नाही, पाऊल गुलाबी झाले, ठोका लागला. पावणेआठला पेशंट वॉर्डात गेला. आता मला वाटते की अस्तर चिरले होते आणि गुठळी हळूहळू धरत गेली. साडेनऊला त्याच्या बायकोने सांगितले, ‘‘सिस्टर, यांचा हा पाय गार लागतोय.’’ सिस्टर दुसऱ्या पेशंटच्या सलाईनमध्ये गुंतली होती. दहाला बाईंनी पुन्हा सांगितले, तेव्हा मावशींनी ब्लँकेट आणून पायावर घातले. गार पायाला ब्लँकेट! माया होती ती. त्या मायेखाली पुढचे अडीच तास पाऊल झाकून राहिले. पेशंटला कळ जाणवली नाही, कारण पाठीतल्या भुलीचा असर अजून होता. साडेबाराला रात्रपाळीच्या ब्रदरने ब्लँकेट बाजूला करून पावलावर बोटे ठेवली, घोट्यामागे ठेवली, मग दुसऱ्या पायावर ठेवून बघितली, आणि मला फोन केला. रुग्णालय छोटे होते. तिथे सीटी अँजिओग्राफीही नव्हती आणि रक्तवाहिन्यांचा सर्जनही नव्हता. पेशंटला हलवले. उजव्या पायातली शीर काढून डाव्या गुडघ्यामागे जोड दिला, पोटरीतला दाब सोडवायला चारही कप्पे उघडले. रक्त पुन्हा वाहू लागले तेव्हा पहाटेचे चार वाजले होते.

पाय राहिला. पाऊल वर उचलायची ताकद गेली; आज तो प्लॅस्टिकचा स्प्लिंट बुटात घालून चालतो आणि टूलरूमऐवजी स्टोअरमध्ये बसतो. ऑपरेशन मीच केले होते. दोष रुग्णालयाचा म्हणून मला कधी सांगता आला नाही आणि सांगायचाही नाही.

ही इजा शेकड्यात एकापेक्षाही कमी वेळा होते. इतकी विरळ की पुष्कळ अस्थिरोगतज्ज्ञांच्या अख्ख्या कारकिर्दीत एकदाही दिसत नाही, आणि हीच तिची अडचण. जे कधी दिसलेले नाही ते रात्री साडेनऊला कुणाच्या मनात येणार? रक्त तुटलेल्या स्नायूचा हिशोब साधारण 6 तासांचा मानतात. नसा त्याआधीच कुरकुर करू लागतात. घड्याळ चालू होते ते धमनी बंद पडल्या क्षणी; आपल्याला कळल्या क्षणी नव्हे.

या धमनीला तसा इतिहास मोठा आहे. सुश्रुताच्या 107 मर्मांत, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागांत, जानु म्हणजे गुडघा आहे, त्याला धक्का लागला तर माणूस लंगडा होतो असे सांगितले आहे. आणि पोटरीतल्या इंद्रबस्तीला इजा झाली तर रक्त जाऊन मृत्यू. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये ही धमनी गाडीवानांना छळत होती. त्यांच्या लवणीत फुगवटा येई, तो फुटला की माणूस जाई, आणि त्या काळी उपाय म्हणजे मांडीतून पाय कापणे. जॉन हंटर यांनी डिसेंबर 1785 मध्ये एका कोचमनची धमनी वर मांडीत बांधून पाय वाचवला. फुगवटा वर्षानुवर्षे वाढलेला असल्याने बाजूच्या फांद्यांना रुंद व्हायला सवड मिळाली होती, म्हणून ते जमले. अचानक तुटलेल्या धमनीला ती सवड नसते. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या 2,471 धमनी-जखमांचा आढावा डीबेकी आणि सिमिओन यांनी 1946 मध्ये छापला. तेव्हा धमनी क्वचितच शिवत, बहुतेकदा बांधून टाकत. लवणीतल्या धमनीची जखम झालेल्या दर चार पायांपैकी जवळपास तीन कापावे लागले होते. कोरियाच्या युद्धात धमनी सर्रास शिवायला सुरुवात झाली आणि हे प्रमाण एक तृतीयांशावर आले. सुधारणा सुई-दोऱ्याची होतीच, पण तितकीच हेलिकॉप्टरची होती. जखमी माणूस पूर्वीपेक्षा लवकर शिवणाऱ्याच्या टेबलावर पोचू लागला.

चाकणला हेलिकॉप्टर नाही. तळेगाव चौक आहे, आंबेठाण चौक आहे, आणि नाशिक महामार्गावर शिफ्ट सुटायच्या वेळी कंपन्यांच्या बस, कंटेनर आणि दुचाक्यांची जी गर्दी होते ती ज्याने बघितली आहे त्याला जास्त सांगायला नको. चाकण ते पिंपरी वीसेक किलोमीटर. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, जवळच डी. वाय. पाटील महाविद्यालयाचे रुग्णालय, मोहननगरला कामगार विम्याचे. मोठी खासगी रुग्णालयेही आहेत. 108 ची अँब्युलन्स 2014 पासून आहे. साधने नाहीत असे कुणी म्हणू नये. त्या रात्री रस्ता मोकळा होता, म्हणून माझ्या फिटरचा पाय राहिला. हेच संध्याकाळी सहाला घडले असते तर काय झाले असते, याचा मी पुष्कळदा हिशोब केला आहे. छोट्या रुग्णालयात एचटीओ करू नये असे माझे म्हणणे नाही. पण धमनी कोण शिवणार, तो रात्री फोन उचलतो का, पेशंट कोणत्या रस्त्याने न्यायचा, हे भूल देण्याआधी ठरलेले असले पाहिजे. करवत हातात घेणाऱ्याचेच ते काम आहे, मॅनेजरचे नव्हे.

पुस्तिकेतले सर्वांत मोलाचे पान माझ्या मते वॉर्डच्या तक्त्याचे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोन्ही पावलांवरचे ठोके शोधून कातडीवर पेनाने फुली मारायची. काही माणसांत पावलावरचा ठोका जन्मतःच लागत नाही. ते आधी माहीत नसेल तर नंतरच्या घबराटीत किंवा नंतरच्या समाधानात, दोन्हीकडे, फसगत होते. बोटे पट्टीबाहेर उघडी ठेवायची. रात्रभर ठरल्या वेळी ठोका बघायचा, शंका आली की हातातल्या डॉपलरने ऐकायचा, घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून बघायचा, गुणोत्तर 0.9 च्या खाली आले तर वाट बघत बसायचे नाही. रंगावर विसंबायचे नाही, कारण लहान फांद्यांच्या रक्तावर पाऊल काही काळ गुलाबी राहते. बोटे हाताने ताणल्यावर पोटरीतून असह्य कळ आली तर ‘ऑपरेशननंतर दुखणारच’ हे वाक्य तोंडातून काढायचे नाही.

आणखी एक फसवा प्रकार आहे. धमनीला बारीक भोक पडते, रक्त आजूबाजूच्या मांसात साठून पिशवी होते, आणि पेशंट घरी गेल्यावर काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, पोटरी सुजते. सगळ्यांना वाटते शिरेत गुठळी झाली. रक्त पातळ करायचे औषध सुरू होते आणि पिशवी आणखी फुगते. साधी डॉपलर सोनोग्राफी हा घोळ मिटवते. चाकण, राजगुरुनगरच्या फॅमिली डॉक्टरांनी निदान हे दीड पान वाचावे. असा पेशंट आधी त्यांच्याकडेच येणार आहे.

एका बाबतीत माझे लेखिकेशी पटत नाही. पेशंटला या धोक्याची कल्पना द्यावी का, हे ती सर्जनवर सोडते आणि आधाराला सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली खटल्यातला 2008 चा निकाल घेते. संमतीसाठी पुरेशी माहिती द्यायलाच हवी, पण पेशंट बिथरेल असे दूरचे धोके सांगायची गरज नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. कायदा म्हणून ते ठीक. मला मात्र त्याहून जुना, आपल्या पुण्याचाच एक निकाल आठवतो, जोशी विरुद्ध गोडबोले. 1953 च्या मे महिन्यात पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. सुमारे 200 मैल टॅक्सीतून त्याला पुण्यात आणले, आणि इथे उपचारांत तो दगावला. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: केस घ्यायची की नाही हे काळजीपूर्वक ठरवणे, कोणता उपचार द्यायचा हे काळजीपूर्वक ठरवणे, आणि तो काळजीपूर्वक देणे. आजही देशभर तो निकाल आधाराला घेतात. पहिले कर्तव्य बघा: केस घ्यायची की नाही. माझ्या इमारतीत, माझ्या रस्त्यावर, माझ्या रात्रपाळीवर ही केस मी घेऊ शकतो का? हा प्रश्न स्वतःला विचारणाऱ्या सर्जनला तो पेशंटपासून लपवावासा वाटणार नाही. ज्याने मला स्टॉपरबद्दल विचारले त्याला धमनीबद्दल सांगितले असते तर तो ऑपरेशन टाळून पळाला नसता. त्याच्या बायकोला मात्र साडेनऊला कळले असते की गार पाय म्हणजे काय, आणि तिने ब्लँकेट घालू दिले नसते.

लेखिकेने हे ऐकून घेतले, मजकूर बदलला नाही. पुस्तिका तिची आहे. मात्र माझ्या आग्रहाखातर नातेवाइकांसाठी शेवटी एक पान जोडले आहे, मोठ्या अक्षरांत. ते वॉर्डच्या भिंतीवर चिकटवण्याजोगे आहे.

मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला तिने दोन ओळी रिकाम्या सोडल्या आहेत. एकीवर रक्तवाहिन्यांच्या सर्जनचे नाव आणि रात्री लागणारा फोन नंबर लिहायचा आहे, दुसरीवर तुमच्या रुग्णालयापासून त्याच्या टेबलापर्यंत संध्याकाळी सहाला लागणारी मिनिटे. पुढचे पान उलटण्याआधी त्या भराव्यात. मिनिटे अंदाजाने लिहू नयेत. एकदा गाडी घेऊन जाऊन बघावे.